अमारोने आणि रिपासो : सुकवलेल्या द्राक्षांची वाइन आणि तिच्या चोथ्यावरची वाइन

इटलीतील वेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्या आहेत. तेथील कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला या द्राक्षांपासून अमारोने आणि रिपासो या दोन्ही लाल वाइन तयार होतात. दोन्हींच्या बाटलीवर वाल्पोलिचेल्लाचे नाव असते आणि दोन्हींना चेरीचा व सुक्या फळांचा गंध येतो. मात्र किमतीत मोठी तफावत असते. त्यामुळे रिपासो म्हणजे स्वस्तातली अमारोने, अशी ओळख विक्रेतेही सर्रास करून देतात. ती दिशाभूल करणारी आहे, कारण अमारोनेसाठी द्राक्षे आधी सुकवावी लागतात, तर रिपासोचा पाया ताज्या द्राक्षांच्या वाइनचा असतो.

अमारोनेचे खरे काम पिंपात नव्हे, तर हवेशीर माडीवर होते. तोडणीच्या वेळीच सुटसुटीत मण्यांचे, निरोगी घड निवडले जातात, कारण दाटीवाटीच्या घडात हवा खेळत नाही आणि आतला एक मणी सडला तरी शेजारचे मणी लगेच बिघडतात. हे घड बांबूच्या मांडण्यांवर किंवा उथळ क्रेटमध्ये एकाच थरात ठेवून साधारण तीन ते चार महिने सुकू दिले जातात. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये रॅकवर पसरलेली द्राक्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. पण तिथे द्रावणात बुडवलेल्या मण्यांचा बेदाणा साधारण पंधरवड्यात तयार होतो, तर वेरोनात कोणतेही द्रावण न वापरता, थंडीच्या दिवसांत, मणी अर्धवट सुकेपर्यंतच थांबतात. या काळात द्राक्षांचे वजन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते, साखर आणि आम्ल एकवटते, आणि हवा दमट झाली की बुरशीची धास्ती असते. म्हणून काटेकोर वाइनकार घड पुन्हा पुन्हा तपासून खराब मणी वेचून काढतो. नियमानुसार १०० किलो ताज्या द्राक्षांमागे फार तर ४० लिटर अमारोने करता येते. तिच्या किमतीचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

डिसेंबरनंतर ही द्राक्षे चुरडली जातात आणि त्यांचा दाट रस सालींसकट कडाक्याच्या थंडीत सावकाश आंबतो. एवढ्या साखरेत आणि वाढत्या अल्कोहोलमध्ये यीस्टला तग धरणे अवघड जाते. ते मध्येच थांबले, तर वाइन गोड राहते. मुद्दाम तशी गोड ठेवलेली वाइन म्हणजे रेचोतो. अमारोनेत मात्र जवळजवळ सगळी साखर आंबवली जाते, अल्कोहोल किमान १४ टक्के असावे लागते आणि त्यानंतर किमान दोन वर्षे वाइन मुरवावी लागते.

अमारोने पिंपात गेल्यावर मागे जो चोथा उरतो, तिथून रिपासोचा दुसरा टप्पा सुरू होतो. शरद ऋतूत ताज्या द्राक्षांपासून केलेली साधी वाल्पोलिचेल्ला वाइन या चोथ्यावर ओतली जाते. चोथ्यात थोडी साखर आणि जिवंत यीस्ट उरलेले असल्याने वाइन पुन्हा आंबू लागते, तिचे अल्कोहोल थोडे चढते, रंग गडद होतो आणि सालींमधील तुरटपणा व सुक्या फळांचा गंध तिच्यात उतरतो. जुन्या रीतीची ही वाइन मासी या वाइनरीने १९६४ च्या हंगामापासून ‘कांपोफियोरिन’ या नावाने बाजारात प्रसिद्ध केली. रिपासोचा दर्जा मुख्यतः चोथा किती पिळला आहे यावर ठरतो, असे मला वाटते: अमारोनेचा शेवटचा थेंब काढण्याच्या हव्यासाने तो कोरडा ठणठणीत केला, तर पुढच्या वाइनला द्यायला तुरटपणाखेरीज फारसे काही उरत नाही. शिवाय रिपासोचे प्रमाण त्या चोथ्यापासून आधी निघालेल्या वाइनच्या दुपटीपेक्षा जास्त असू नये, असे नियम सांगतो.

चवीतही फरक कळतो. अमारोने जड, गरम आणि लांब रेंगाळणारी असते. मुरलेल्या चीजसोबत किंवा रटरटून शिजवलेल्या मांसासोबत ती शोभते. रिपासोत ताज्या फळाचा आंबटपणा टिकून असतो, म्हणून रोजच्या जेवणात मला तीच अधिक उपयोगी वाटते.

वाल्पोलिचेल्लातील नेग्रारचे वाइनकार जुझेप्पे क्विंतारेल्ली (१९२७–२०१२) यांच्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच शिस्तीत घडत. त्यांची अमारोने क्रोएशियातील स्लाव्होनियाच्या ओक लाकडाच्या मोठ्या पिंपांत सात वर्षांच्या आसपास मुरत असे, आणि एखाद्या वर्षीचा माल मनासारखा नसला तर ते तिला अमारोने म्हणून विकतच नसत. ती ‘रोस्सो देल बेपी’ या नावाने बाहेर पडे. त्यांची वाल्पोलिचेल्लाही अमारोनेच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा आंबवलेली असे. त्या बाटलीवर मात्र फक्त ‘वाल्पोलिचेल्ला क्लासिको सुपेरिओरे’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे रिपासो हा शब्द शोधणारा ग्राहक तिच्यावरून सहज पुढे निघून जातो.