बागरेल्वेची उघड्यावरील झीज (नागपूर)

बागरेल्वे म्हणजे घराच्या बागेत, अंगणात किंवा गच्चीवर कायमची मांडलेली, विजेवर, बॅटरीवर किंवा खऱ्या वाफेवर चालणारी प्रतिकृती-रेल्वे. तिचे रूळ बारा महिने उघड्यावर असतात. गाड्या मात्र खेळ संपला की आत नेता येतात. त्यामुळे रुळांची झीज वेगळी आणि गाड्यांची वेगळी. सेमिनरी हिल्सवरच्या ‘वनबाला’सारखी, मुलांना बसवून फिरवणारी गाडी या प्रकारात मोडत नाही.

या छंदात सर्वाधिक रुळलेले माप ४५ मिलिमीटर गेजचे (दोन रुळांमधल्या अंतराचे) आहे. माप जुनेच, पण न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली ‘एलजीबी’ नावाने बाहेर टिकणाऱ्या गाड्या आणल्या आणि ते घरोघरच्या बागांत पोहोचले. मीटरगेज गाड्या त्यावर १:२२.५ प्रमाणात चालतात. नागपूरकरांची आठवण मात्र अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजची. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी थांबली. जुनी इंजिने-डबे मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात (स्थापना २००२) पाहायला मिळतात. ही गाडी ४५ मिलिमीटरच्या रुळावर आणायची तर प्रमाण सुमारे १:१७ येते आणि त्या प्रमाणात तयार डबे सहसा मिळत नाहीत. ते घरीच करावे लागतात, आणि घरी केलेले डबे उन्हात आधी हार खातात. त्याचे कारण पुढे येईल.

नागपुरात मे महिन्यात दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर असणे नित्याचे; २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत गेला होता. दुसऱ्या टोकाला डिसेंबर २०१८ मधली ३.५ अंशांची नोंद आहे. पाऊस वर्षाला साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पाणी गोठत नसल्याने गिट्टीतल्या बर्फाने रूळ उचलले जाण्याची युरोपातली चिंता इथे नाही, आणि समुद्र दूर असल्याने मुंबई-कोकणातली खारी हवाही नाही. त्या बदल्यात नागपूरच्या वाट्याला ऊन आणि काळी माती आली आहे.

उन्हाचा पहिला परिणाम लांबीवर होतो. सावलीत ४५ अंश असताना उन्हातला धातूचा रूळ साठीच्या पुढे जातो, आणि हाच रूळ जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांवर असतो. बागरेल्वेचे रूळ बहुधा पितळेचे. तापून पितळ साध्या स्टीलच्या दीडपटीहून थोडे जास्तच वाढते. पन्नास अंशांच्या फरकाला दहा मीटर पितळी रूळ साडेनऊ मिलिमीटर वाढतो. अ‍ॅल्युमिनियमचा साडेअकरा, स्टेनलेस स्टीलचा साडेआठ. तीस-तीस सेंटिमीटरच्या तुकड्यांनी बांधलेल्या मार्गात ही वाढ जोडाजोडांत वाटली जाते, कोणाच्या लक्षातही येत नाही. दीड मीटरचे लांब रूळ वापरले तर थंडीत मांडताना दर जोडाला दीडेक मिलिमीटर फट ठेवावी लागते. मे महिन्यात मांडणाऱ्याला फट लागत नाही, फक्त डिसेंबरात उघडणाऱ्या जोडाला पुरेल एवढी लांब फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, लागते. फट न सोडलेला मार्ग नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की वळणावर बाहेर फुगतो. खऱ्या रेल्वेतही हे होते, म्हणून उन्हाळ्यात गँगमन भर दुपारी रुळांची गस्त घालतात.

हे सगळे टाळायला रूळ काँक्रीटवर स्क्रूने घट्ट आवळणे हा सुचणारा पहिला उपाय, आणि तोच सर्वांत वाईट. वाढ थांबत नाही. ती स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) रूळ धरणाऱ्या खिळण्या मोडून बाहेर पडते. स्क्रूचे भोक मोठे ठेवून रूळ थोडा सैल सोडणे किंवा नुसत्या गिट्टीत ‘तरंगता’ ठेवणे हेच योग्य.

शहराच्या बऱ्याच भागात बेसाल्टपासून झालेली काळी माती आहे. पाण्याने ती फुगते, उन्हाने आकसते. एप्रिल-मेमध्ये तिच्यात बोट सहज जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट मांडलेला मार्ग जूनमध्ये एकीकडे उचलला जातो, दुसरीकडे खचतो. गाडी घसरली की बहुतेकांना चाके वा वळण सदोष वाटते. खरे तर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिले तर दोन रूळ एका पातळीत नसतात. फूट-दीड फूट माती काढून मुरूम भरणे, तो पाणी मारून धुम्मसने चोपणे आणि वर तीन ते सहा मिलिमीटरची कोनदार चुरी टाकणे ही इथल्या गवंड्याला न समजावता कळणारी रीत आहे. नदीचे गोल खडे दिसायला छान, पण एकमेकांत अडकत नाहीत आणि पहिल्याच जोरदार सरीत वाहून जातात. पातळ काँक्रीटची पट्टी काळ्या मातीवर एक-दोन पावसाळ्यांत तडकते. ओटा बांधून त्यावर मार्ग नेणे महाग पडते, पण वाकून काम करणे वाचते.

रुळांचा रंग बदलणे ही झीज आहे का, यावर छंदिष्टांत दुमत असते. नवे पितळ सोन्यासारखे चमकते आणि खरे सांगायचे तर खोटे दिसते. हवेतल्या ऑक्सिजनने ते काही महिन्यांत तपकिरी होते. दमट हवेत गंधकाची संयुगे असतील तर काळपटते. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे शहराच्या उत्तरेला जवळच आहेत, आणि कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतोच. हा थर पातळ असतो आणि रुळाला तो घातक नाही. बाजूचा रंग तसाच ठेवावा. गंजलेल्या खऱ्या रुळाशी मिळतीजुळती छटा रंगवून आणायला घरात रूळ मांडणारे मॉडेलकार खूप खपतात. साफ करायचा तो फक्त चाक टेकते तो माथा, कारण विजेवरचे इंजिन रुळातूनच वीज घेते आणि तिथला थर ती अडवतो. जाड पॉलिश पेपर फिरवला की माथ्यावर चरे पडतात आणि पुढची घाण त्यांत आणखी पक्की बसते.

खरे नुकसान जोडांत होते. फिशप्लेटच्या फटीत पावसाचे पाणी शिरून राहते, तिथे थर साचतो, प्रत्येक जोड थोडी वीज खातो आणि पुरवठ्यापासून दूरच्या टोकाला इंजिन मंदावते. वीजवाहक ग्रीस लावून स्क्रूचे क्लॅम्प आवळणे किंवा जोडाला वळसा देणारी वायर झाळणे असे उपाय आहेत. जोडच झाळून टाकला तर वाढीची फट गेली. पितळाला लागून साधा लोखंडी स्क्रू ठेवला तर ओलाव्यात तो लवकर गंजतो. बागेला बोअरचे जड पाणी फवारले जात असेल तर रुळांवर पांढरे डाग धरतात, तेही वीज अडवतात. बॅटरीवर किंवा वाफेवर गाडी चालवणाऱ्याला यातले फारसे काही सोसावे लागत नाही.

प्लास्टिकचा शत्रू ऊन. चांगल्या कंपन्यांचे स्लीपर काळे वा गडद तपकिरी असतात. काळ्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून आतल्या प्लास्टिकला वाचवते. डब्यांसाठी वापरले जाणारे एएसए प्लास्टिक उन्हात वर्षानुवर्षे टिकते. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमधला रबरी घटक मात्र किरणांनी बिघडतो; पृष्ठभाग पिवळसर, मग खडूसारखा होतो आणि पायऱ्या, कठडे, बफर यांसारखे बारीक भाग कटकन तुटतात. घरी थ्रीडी प्रिंटरवर काढलेले डबे बहुधा पीएलए या प्लास्टिकचे असतात आणि पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते. मेच्या दुपारी बाहेर राहिलेल्या काळ्या छपराच्या डब्याचे तापमान तिथवर जाते. छप्पर मधोमध बसते, बाजू आत वाकतात. निदान छप्पर आणि चौकट तरी एएसएमध्ये काढावी, आणि छपराला फिका रंग द्यावा. रंगांत लाल सर्वांत आधी उडतो. रंग उडालेला डबा वाईट दिसत नाही. वाकलेला डबा मात्र रुळावर राहत नाही.

पावसाआधीच्या वावधनाने आणलेली धूळ पहिल्या सरीत चिखल होऊन रुळांवर वाळते. तेल लावलेल्या गिअरमध्ये हीच धूळ गेली तर ती घासकाम करते, म्हणून उघड्या दात्यांना तेलापेक्षा कोरडे ग्रॅफाइट बरे. कडुनिंबाखाली मार्ग नेणाऱ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने आणि पावसाच्या तोंडाशी निंबोळ्या झाडाव्या लागतात. चिरडलेल्या निंबोळीवर चाके जागच्या जागी फिरतात. श्रावणापर्यंत सावलीतल्या स्लीपरांवर शेवाळ येते, मुंग्या गिट्टी पोखरतात. लाकडी स्लीपर हवेच असतील तर सागाच्या गाभ्याचे घ्यावेत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी सोडत नाही.

गाड्या आत नेणे म्हणजे टिनाच्या शेडमध्ये किंवा छताखालच्या माळ्यावर ठेवणे नव्हे. तिथला उन्हाळा बाहेरच्या सावलीपेक्षा कडक असतो. चाकांवरचे रबरी कडे त्या उष्णतेत चिरते, लिथियम बॅटरीची क्षमता घटते, आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला ढोबळमानाने निम्मे होते. घरातल्या मधल्या खोलीतले कपाट पुरते. बॅटरी काढून वेगळी ठेवावी, आणि कूलरची झोत थेट येणारा कोपरा मात्र टाळावा, कारण तिथे लोखंडी आस उन्हाळ्यातही गंजतात.