होम्सची टोपी डॉयलने दिलेली नाही

शेरलॉक होम्सच्या ग्राफिक कादंबरीत प्रत्येक चौकटीत डिअरस्टॉकर (पुढे-मागे झडप आणि कानपट्ट्या असलेली शिकारी टोपी) हवीच, कारण मूळ कथांत तसं आहे, हा समज चुकीचा आहे. होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयलने तो शब्द वापरलेलाच नाही. १८९१मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात चित्रकार सिडनी पॅजेटने ती रेखाटली. डॉयलच्या मजकुरात होती डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी, तीही गावाकडच्या रेल्वेप्रवासात. कानपट्ट्यांची टोपी ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत येते, पुन्हा प्रवासातच. लंडनमध्ये पॅजेटनेही त्याला उंच हॅट दिली. वाकडा पाइप रंगभूमीवरून, होम्स साकारणारा नट विल्यम जिलेट याच्यामुळे रुजला.

प्रत्येक चौकटीत टोपी रेखाटली की वेशांतराचा प्रसंग हमखास फसतो. वाचकाची ओळख टोपीशीच झालेली असते. ती उतरली की म्हातारा भिकारी म्हणजे होम्स हे पटतच नाही. म्हणून पहिल्या पानापासून बाकदार नाक आणि चौकोनी हनुवटी ठसवा.