आतून पाहिलं तर भिंतीच नाहीत!

गेल्या महिन्यात भाचा लॅपटॉप घेऊन आला तो चेहरा पाडूनच. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याचं माजघर त्याला त्रिमितीत उभं करायचं होतं. अंधारात कंदील घेऊन हिंडायचा एक छोटा गेम. ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये खोली छान उभी राहिली. ती गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, कॅमेरा आत ठेवला आणि चारही भिंती गायब! "मामा, ग्राफिक्स कार्ड नाही ना, म्हणून. नवा लॅपटॉप घ्यावा लागणार."

हा गैरसमज फार जणांचा आहे. रिकामी खोली म्हणजे आठ कोपरे आणि सहा पृष्ठं. प्रत्येक पृष्ठाचे दोन त्रिकोण, म्हणजे अवघे 12. साधा जुना लॅपटॉपही लाखो त्रिकोण रंगवतो. ब्लेंडर 2002 पासून आणि गोडो 2014 पासून मुक्तस्रोत आहे, दोन्ही फुकट. "एआयला एक वाक्य सांगा, गेम तयार" अशा जाहिराती करून महागडे कोर्स विकणाऱ्यांपासून तर दूरच राहावं. भिंत का नाहीशी झाली, हे त्या कोर्समधून कळत नाही.

मग भिंती गेल्या कुठे? कापडाला जशी सुलटी आणि उलटी बाजू असते, तशी संगणकातल्या त्रिकोणालाही असते. ती ठरते तीन बिंदूंच्या क्रमावरून. कागदावर (0,0), (4,0), (0,3) हे बिंदू याच क्रमाने जोडा. पेन्सिल घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. आता पहिल्या बिंदूपासून उरलेल्या दोघांपर्यंतची आडवी आणि उभी अंतरं घेऊन तिरका गुणाकार करा: 4×3 − 0×0 = 12. शेवटचे दोन बिंदू अदलाबदल केले तर 0×0 − 4×3 = −12. त्रिकोण तोच, चिन्ह तेवढं फिरलं. त्रिकोण पडद्यावर कुठे पडतो हे काढल्यावर ग्राफिक्स चिप हाच हिशेब करते आणि चिन्हावरून त्याची पाठ आपल्याकडे आहे की तोंड, हे ओळखते. पाठ असेल तर त्रिकोण रंगवतच नाही. याला बॅकफेस कलिंग म्हणतात. बंद डब्याची पलीकडची बाजू तशीही दिसत नसते, त्यामुळे ढोबळमानाने निम्मं काम वाचतं. दोन गुणाकार आणि एक वजाबाकी! मला या युक्तीचं अजूनही नवल वाटतं.

भाच्याने खोलीसाठी ठोकळा घेतला होता. ठोकळ्याची सुलटी बाजू बाहेर असते. कॅमेरा आत गेला, त्याला सगळ्या पाठीच दिसल्या आणि गोडोने त्या गाळल्या. ब्लेंडर मात्र मुळात दोन्ही बाजू दाखवतं, म्हणून तिथे चूक लपली.

पांडवलेण्यातल्या एखाद्या विहारात उभे राहा म्हणजे हे पटकन कळेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी त्रिरश्मी डोंगराचा कातळ आतून कोरून काढला. त्या दालनांना बाहेरच्या भिंती नाहीतच. जे काही आहे ते आतल्या पोकळीकडे तोंड करून. गेममधली खोली अशीच घडवायची.

उपाय पिशवी उलटी करण्याइतका सोपा. ब्लेंडरच्या एडिट मोडमध्ये सगळी पृष्ठं निवडायची आणि फ्लिप नॉर्मल्स, म्हणजे बाजू उलटवायची आज्ञा द्यायची. फेस ओरिएंटेशन हा पर्याय चालू केला की उलटी बाजू लाल दिसते. आतून कुठेच लाल दिसलं नाही की झालं.

बाकी कामाला टेप आणि मोबाइल पुरतो. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, ब्लेंडर आणि गोडो दोन्हीकडे एक एकक म्हणजे एक मीटर धरावं. खोलीच्या पृष्ठांवर चिकटवायला शहाबादी फरशीचा आणि चुन्याच्या भिंतीचा फोटो ढगाळ दिवशी काढावा, म्हणजे सावल्या येत नाहीत. फोटो 1024×1024 पिक्सेलचा करून घ्यावा. न दाबलेल्या (अनकंप्रेस्ड) रूपात तो 4 एमबी जागा घेतो, 4096×4096 चा घेतो 64 एमबी. पैसे खर्च न करता गेम हलका ठेवायची खरी जागा ही आहे.

भाच्याच्या भिंती परत आल्या. आता तो दिव्याचा कोनाडा करतोय: भिंतीत छोटा चौकोन आखायचा आणि एक्स्ट्रूड या आज्ञेने वीतभर मागे ढकलायचा.