हायड्रोजेल आधी फुगते, मग विरते

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा मऊ पदार्थ. शरीरात ठेवलेले हायड्रोजेल साखरेसारखे विरघळत नाही, ते तुटते. पाणी धरून ठेवणाऱ्या लांबलचक रेणूसाखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात. हे बंध तुटू लागले की जाळे सैल पडते आणि आणखी पाणी आत घेते. म्हणून विघटन सुरू झालेल्या जेलचे वजन बऱ्याचदा आधी वाढते. ताकद मात्र तेव्हाच घसरू लागलेली असते.

बंध कोण तोडतो, यावर पुढचे सगळे ठरते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या जेलमध्ये एस्टर बंध घातले, तर ते नुसत्या पाण्याने तुटतात. शरीराचे तापमान आणि सामू (pH) फारसे हलत नसल्याने वेळेचा अंदाज बांधता येतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर किरणोपचार करताना गुदाशय दूर सारायला असे जेल प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मध्ये भरतात. ते सुमारे ३ महिने आकार टिकवते आणि साधारण ६ महिन्यांत शोषले जाते.

जिलेटिन आणि हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलवर शरीरातली विकरे (एन्झाइम) काम करतात. इथे अंदाज चुकतो, कारण दाह झालेल्या जागी ही विकरे वाढतात आणि तेच जेल लवकर संपते. याच गुणाचा फायदाही आहे: चेहऱ्यात भरलेल्या हायल्युरॉनिक जेलने रक्तवाहिनी अडली, तर हायल्युरॉनिडेज हे ते तोडणारे विकर टोचून जेल विरवता येते.

अल्जिनेट या समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाची गोष्ट फसवी आहे. त्याच्या साखळ्या कॅल्शियमने बांधलेल्या असतात; कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की जेल ढासळते, पण साखळ्या तोडणारे विकर माणसाच्या शरीरात नाही. सुमारे ५०,००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठ्या साखळ्या मूत्रपिंडातून सहज बाहेर पडत नाहीत. त्यामुळे त्या आधीच किरणोत्साराने तोडून किंवा थोड्या ऑक्सिडाइज करून वापरतात.

प्रयोगशाळेत चाचणी घेताना तुकडे ३७ अंश सेल्सिअसला, ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवतात आणि बफर दर २-३ दिवसांनी बदलतात. फक्त ओले वजन पाहिले, तर फुगणेच मोजले जाते. तुकडा शुद्ध पाण्याने धुऊन, गोठवून सुकवून कोरडे वजन घ्यावे. न धुतल्यास बफरचे मीठही वजनात धरले जाते. अल्जिनेटसाठी तर फॉस्फेट बफर टाळलेलाच बरा, कारण फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतो. शिवाय कोरडे वजनही उशिरा बोलते: प्रत्येक साखळी अनेक ठिकाणी बांधलेली असल्याने बरेच बंध तुटूनही तुकडा एकसंध राहतो आणि मग अचानक कोसळतो. त्यामुळे दर वेळी कडकपणाही मोजावा.