बेस्टचे जीएम

मुंबईत लाल बस चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाचा जो सगळ्यात वरचा अधिकारी असतो त्याला कायद्याच्या भाषेत महाव्यवस्थापक म्हणतात, पण कुलाब्याच्या बेस्ट भवनापासून डेपोतल्या कँटीनपर्यंत सगळे 'जीएम'च म्हणतात. जीएम साहेब, जीएम मॅडम, नाहीतर नुसतं "जीएमकडे फाईल गेलीय". मुंबई महापालिका ज्या 1888 च्या कायद्याने चालते त्याच कायद्यात हे पद आहे, आणि आयुक्त, स्थायी समिती वगैरे जी पालिकेची प्राधिकरणं मोजली जातात त्यात जीएमचंही नाव येतं. म्हणजे हा पालिकेच्या एखाद्या खात्याचा प्रमुख नाही, आयुक्तांच्या हाताखालचा उपायुक्तही नाही, कागदावर तरी त्याचं स्थान वेगळं आहे. प्रत्यक्षात पैसे आयुक्तांकडेच मागावे लागतात, ते पुढे येईलच.

आणखी एक गंमत म्हणजे हाच माणूस वीजही विकतो. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या शहरात घरात लाईट बेस्टची, साधारण 10 लाख ग्राहक आहेत. एकाच टेबलावर ट्रान्सफॉर्मरची फाईल आणि टायरची फाईल, असं देशात क्वचितच कुठे दिसेल. याचं कारण इतिहासात आहे. 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1905 ला वीज आणि ट्राम दोन्ही करणारी कंपनी आली, 1907 ला विजेची ट्राम धावली, 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस निघाली आणि 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने सगळी कंपनीच विकत घेतली. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. वीज आणि बस यांचा संसार मात्र चालू राहिला.

नेमणूक कागदोपत्री महापालिका करते आणि राज्य सरकारची मान्यता लागते, पण आता बरीच वर्षं आयएएस अधिकारीच येतात आणि नाव मंत्रालयातूनच ठरतं हे सगळ्यांना माहीत आहे. टिकायचं किती हेही तिथेच ठरतं. 2025 चं वर्ष तर कहर होतं, एका मागोमाग एक अतिरिक्त कार्यभार, आणि ऑगस्टमध्ये तर मंत्रालयातल्या दोन खात्यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना बेस्टचा चार्ज देणारे आदेश काढले. पूर्ण वेळ जीएम सप्टेंबरमध्ये आल्या. पुण्यातही वेगळं नाही, पीएमपी म्हणजे तिथल्या बससेवेचे सीएमडी (सर्वोच्च अधिकारी) म्हणून आयएएस अधिकारी तुकाराम मुंढे मार्च 2017 ला आले आणि फेब्रुवारी 2018 ला गेले, वर्षसुद्धा पूर्ण झालं नाही. बस मागवायचं टेंडर काढून ती रस्त्यावर यायला दीड-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे गाडी एकाने मागवायची आणि नारळ दुसऱ्याने फोडायचा असंच बहुतेक वेळा होतं.

जीएमच्या डोक्यावर बेस्ट समिती असते, त्यात प्रामुख्याने नगरसेवक. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास जीएम समितीपुढे बजेट मांडतो, ते पुढे स्थायी समिती आणि महापालिकेत जातं. या समितीत बसस्टॉपच्या छपरापासून दिवाळी बोनसपर्यंत सगळ्यावर जोरात भांडणं होतात. पण मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली, निवडणूक काही वर्षं झालीच नाही आणि समितीच उरली नाही, मग प्रशासकाच्या राज्यात जीएम थेट आयुक्तांना उत्तर देणारा झाला. काहींना वाटलं कटकट गेली, निर्णय पटापट होतील. माझ्या मते उलट झालं, "आमच्या वॉर्डातली अमुक बस बंद का केली" हे त्या टेबलावर मूठ आपटून विचारणाराच कोणी उरला नाही.

आता मूळ दुखणं, पैसा. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरला जायचा, पुढे तर वीजबिलातच बसची तूट म्हणून वेगळा आकार लागायचा. 2003 च्या वीज कायद्यानंतर वीज नियामक आयोग, ग्राहक, कोर्ट अशी बरीच ओढाताण होऊन तो आधार गेला आणि बस उघडी पडली. तिकीट वाढवावं तर जीएमला एकट्याला ते करता येत नाही, समिती, महापालिका आणि शेवटी मुंबई महानगर प्रदेशाचं परिवहन प्राधिकरण अशी साखळी आहे, आणि वाढवलं की लोक शेअर रिक्षा पकडतात. 2019 ला एकदम उलटा प्रयोग झाला. जानेवारीत 9 दिवसांचा संप होऊन गेला होता, अत्यावश्यक सेवांचा संप रोखणारा मेस्मा कायदा लावूनही मिटला नाही तो हायकोर्टात मिटला, आणि त्याच वर्षी 9 जुलैपासून कमीत कमी भाडं 8 वरून 5 रुपये केलं, एसीला 6. पालिका महिन्याला 100 कोटी देणार आणि बदल्यात बेस्टने गाड्या वाढवायच्या, खर्च कमी करायचा, असा तो सौदा. गर्दी परत आली, हे खरं. पण 5 रुपयात गाडीचा खर्च कुठून निघणार, तूट पालिकेच्या तिजोरीतून भरायची हे त्यात गृहीतच होतं, आणि ती तिजोरी आयुक्तांच्या हातात. 9 मे 2025 ला भाडं दुप्पट झालं, साधी बस 10 आणि एसी 12.

खर्च कमी करायचा म्हणजे काय तर वेट लीज. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स त्याचा, बेस्ट किलोमीटरमागे ठरलेला रेट देणार, तिकिटाचे पैसे बेस्टचे. रंग लाल, नाव बेस्टचं, त्यामुळे प्रवाशाला फरक कळत नाही, शिव्या जीएमलाच. ऑगस्ट 2023 ला कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी गाड्या उभ्या केल्या तेव्हा ते बेस्टचे नोकरच नव्हते, जीएम कंत्राटदाराला नोटीस आणि दंड लावू शकतो, पण स्टिअरिंगवर माणूस बसवणार कुठून? 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात वेट लीजची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, कित्येक लोक गेले, आणि ड्रायव्हरला या ऑटोमॅटिक गाडीचं ट्रेनिंग किती दिवसांचं दिलं हा प्रश्न शेवटी बेस्ट भवनातच आला. कामगार संघटनांशी 2019 ला करार झाला होता की स्वतःच्या 3,337 गाड्या ठेवायच्या. 2025 पर्यंत स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली गेल्या. साधारण 2010 ला बेस्टचा सगळा ताफा 4 हजारांच्या वर होता, हे आठवलं की स्टॉपवरची रांग समजते.

रस्ताही जीएमचा नाही. रस्ता पालिकेचा, काही ठिकाणी एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाचा, सिग्नल ट्रॅफिक पोलिसांचा, खोदकाम मेट्रोचं. बीकेसीत बसची वेगळी लेन करून बघितली, टिकली नाही. बस वेळेवर आणायची जबाबदारी एकाची आणि ती ज्यात अडकते ते सगळं दुसऱ्यांचं, हे बाकी कुठल्याही टेबलापेक्षा या टेबलावर जास्त कळतं.

रोजचं काम मात्र यातल्या कशासाठीच थांबत नाही. जोराचा पाऊस आला की हिंदमाता, गांधी मार्केट, किंग्ज सर्कल इथे पाणी भरतं आणि कंट्रोल रूममधून मार्ग वळवायला लागतात. रेल्वेचा मोठा ब्लॉक असला की जादा बस, 6 डिसेंबरला चैत्यभूमीसाठी जादा बस, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला जादा बस, गणपतीत रात्रभर बस. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोकल सामान्यांना बंद होती तेव्हा नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना बेस्टनेच पोचवलं, आणि 8 जूनपासून बस सगळ्यांना खुली झाली तेव्हा लोकलची सगळी गर्दी स्टॉपवर येऊन उभी राहिली.