नाक तेच, अंतर वेगळं

नाशिकमध्ये लग्नाची बोलणी चाललेल्या घरांतून हल्ली बायोडेटासोबत सेल्फीही जातो, आणि तो बघून मुलीचं नाक ‘जरा मोठंच’ ठरतं. ओळखीतल्या एका मुलीने एवढ्यावरून नाकाच्या शस्त्रक्रियेची चौकशी सुरू केली, म्हणून हे लिहितो आहे. तिच्या नाकात काहीही खोट नाही. सगळा खेळ अंतराचा आहे.

जवळची वस्तू मोठी दिसते, हे शाळेतच शिकतो. पण चेहरा सपाट नसतो. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण 12 सेंटीमीटर पुढे असतो. सेल्फी काढताना फोन नाकापासून 30 सेंटीमीटरवर असेल, तर कानापासून तो 42 सेंटीमीटरवर असतो. दिसणारा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट फुगतं. तुमच्याशी बोलणारा माणूस दीड मीटरवर बसलेला असतो. त्याच्यासाठी हेच गुणोत्तर 162 भागिले 150, म्हणजे 1.08. आता 1.4 ला 1.08 ने भागा. उत्तर 1.3, म्हणजे सेल्फीत नाक 30 टक्क्यांनी मोठं! अमेरिकेतले शल्यविशारद बोरिस पास्कओवर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 12 इंच आणि 5 फूट या अंतरांसाठी गणिती मॉडेल मांडलं. नाकाची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीशी ताडून पाहिल्यावर त्यांनाही फरक सुमारे 30 टक्केच मिळाला.

‘मोबाईलची लेन्सच तशी असते’ हा समज मात्र चुकीचा आहे. चेहरा चौकटीच्या मध्यावर असेल, तर त्याच जागेवरून कुठल्याही लेन्सने फोटो काढा, नाक आणि कान यांचं प्रमाण बदलत नाही. वाईड लेन्स आपल्याला जवळ जाऊ देते, इतकंच.

आरशाचं गणित निराळं. बेसिनच्या आरशापासून 40 सेंटीमीटरवर उभे राहिलात, तर प्रतिमा तुमच्यापासून 80 सेंटीमीटरवर असते. त्यामुळे नाक सेल्फीइतकं फुगत नाही. पण भांग उलट्या बाजूला दिसतो, आणि आयुष्यभर आपण तोच चेहरा ‘आपला’ म्हणून बघतो. मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1977 मध्ये विद्यार्थिनींना स्वतःच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. विद्यार्थिनींचा कल उलट्या प्रतीकडे होता, त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. जे वारंवार दिसतं ते आवडू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं. म्हणूनच फोटोतला स्वतःचा चेहरा आपल्याला खटकतो, घरच्यांना खटकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून नाकाच्या ठेवणीवरून स्वभाव आणि भाग्य सांगणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा: फोटो किती अंतरावरून काढला आहे? हात लांब केल्यावर बदलणारं नाक भविष्य कसं सांगणार? अशा भाकितांवर मुलींची स्थळं नाकारली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

इतरांना आपण कसे दिसतो ते पाहायचं असेल, तर फोन दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याला दीड-दोन मीटर मागे उभं करा. नाहीतर दोन सपाट आरसे काटकोनात, कड एकमेकींना चिकटवून उभे करा आणि बरोबर सांध्यासमोर या. पहिल्या आरशाने उलटवलेली प्रतिमा दुसरा पुन्हा उलटवतो, त्यामुळे भांग खऱ्या बाजूला दिसतो. तिथे केस विंचरायला गेलात तर कंगवा सुरुवातीला भलत्याच बाजूला जाईल.