कॅनडात स्पाउस स्पॉन्सरशिपचा निकाल येईपर्यंत कायदेशीर नोकरी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

लग्न करून कॅनडातील जोडीदाराकडे गेलेल्या सोलापूरच्या अनेक मुलामुलींच्या घरी असा समज असतो, की कायमस्वरूपी रहिवासाचा, म्हणजे पीआरचा अर्ज दाखल झाला की तिथे नोकरी करायला हरकत नाही. हा समज चुकीचा आहे. पीआरचा अर्ज प्रलंबित असल्याने नोकरीचा अधिकार मिळत नाही, आणि तेवढ्यावर देशात राहण्याचा दर्जाही आपोआप टिकत नाही. नोकरीसाठी ओपन वर्क परमिट हा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. त्यावर कोणत्याही एका कंपनीचे नाव नसल्याने बहुतेक मालकांकडे काम करता येते. तो हातात येईपर्यंत थांबावे लागते, आणि हा थांबण्याचा काळ किती लांबेल हे बऱ्याच अंशी सोलापुरातून निघण्यापूर्वी केलेल्या तयारीवर ठरते.

येथे दोन वेगळ्या परवान्यांची नेहमी गल्लत होते. जोडीदार तिथे विद्यार्थी किंवा तात्पुरता कामगार असेल, तर त्याच्या दर्जाच्या आधारे मिळणारे ओपन वर्क परमिट वेगळे असते. त्याचे नियम 21 जानेवारी 2025 पासून कडक झाले असून विद्यार्थ्यांपैकी प्रामुख्याने 16 महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्स अभ्यासक्रमाला, पीएचडीला किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना असलेल्यांच्याच जोडीदारांना ते मिळते. या लेखाचा विषय दुसरा परवाना आहे: जोडीदार कॅनडाचा नागरिक किंवा पीआरधारक आहे, त्याने तुम्हाला स्पॉन्सर केले आहे, म्हणजे तुमची हमी घेऊन तुमच्या पीआरसाठी अर्ज केला आहे, आणि त्या अर्जाचा निकाल यायचा आहे. समाजमाध्यमांवर फिरणारी ‘आता स्पाउसला वर्क परमिट बंद’ ही बातमी पहिल्या प्रकाराबद्दलची आहे.

स्पॉन्सर किमान 18 वर्षांचा असावा, अपंगत्वाखेरीज अन्य कारणासाठी सरकारी निर्वाह साहाय्य घेत नसावा, आणि तो स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन पीआर झाला असेल तर त्याला पाच वर्षे पूर्ण झालेली असावीत. जोडीदार पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षे त्याच्या मूलभूत गरजा भागवण्याची हमी स्पॉन्सरला लिहून द्यावी लागते. अर्जदाराच्या बाजूने चार गोष्टी लागतात. अर्जदार प्रत्यक्ष कॅनडात असावा, स्पॉन्सरसोबत एकाच पत्त्यावर राहत असावा, त्याचा तात्पुरता दर्जा वैध असावा (किंवा तो मुदतीत परत मिळवण्यासाठी अर्ज केलेला असावा), आणि पीआरचा अर्ज पोहोचल्याची पोच, जिला सगळे एओआर म्हणतात, आलेली असावी. सोलापुरात बसून या परवान्यासाठी अर्ज करता येत नाही.

पीआरचा अर्ज ‘स्पाउस इन कॅनडा’ किंवा ‘फॅमिली क्लास’ या दोन वर्गांपैकी एकात होतो. मे 2023 पासून कॅनडात राहणाऱ्या अर्जदाराला दोन्ही वर्गांत ओपन वर्क परमिटची सोय आहे. पहिल्या वर्गात नकार आल्यास इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येत नाही आणि प्रकरण चालू असताना लांब काळ देशाबाहेर राहणे धोक्याचे ठरते. दुसऱ्या वर्गात अपिलाचा हक्क राहतो. ज्यांना मधेच आईवडिलांसाठी भारतात यावे लागण्याची शक्यता आहे, त्यांनी फॅमिली क्लासच निवडावा, असे माझे मत आहे.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ विवाह प्रमाणपत्रात आणि नावांत जातो. महाराष्ट्रात विवाह नोंदणी 1998 च्या अधिनियमानुसार होते. शहरात सोलापूर महानगरपालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे. लग्नानंतर 90 दिवसांत वर-वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित यांच्या सह्यांचे ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा ठरावीक अर्ज, दाखल करावे. परदेशातला मुलगा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, हळद, लग्न आणि पंढरपूर-तुळजापूरच्या दर्शनात रजा संपते आणि नोंदणी राहून जाते. म्हणून साक्षीदारांची ओळखपत्रे व पुरोहितांची सही लग्नाच्या आठवड्यातच घेऊन ठेवावी.

नावाचा प्रश्न आपल्याकडे जास्त गुंतागुंतीचा आहे. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, आधारवर लग्नानंतर पतीचे, आणि सोलापुरातील अनेक तेलुगू कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, असे एकाच व्यक्तीचे तीन प्रकारे लिहिलेले नाव सर्रास आढळते. कॅनडाचे सर्व फॉर्म पासपोर्टवरील नावाप्रमाणेच भरावेत आणि ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात बाकीची रूपे प्रामाणिकपणे लिहावीत. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलणे सक्तीचे नाही. बदलायचेच असेल तर ते अर्जाआधी बदलावे, कारण नंतर पीआरचा अर्ज, वर्क परमिट आणि सामाजिक विमा क्रमांक (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) या सगळ्यांत दुरुस्ती करत बसावे लागते.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयाचे लागते. सोलापूर पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर करायचा असून शुल्क 500 रुपये आहे. पडताळणी राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जाते. नवविवाहितेचा पासपोर्ट बार्शी किंवा अक्कलकोटच्या माहेरच्या पत्त्याचा आणि राहणे सोलापूर शहरात सासरी, अशी स्थिती असेल तर प्रकरण ग्रामीण पोलीस आणि शहर आयुक्तालय यांच्यात लटकू शकते. त्यामुळे अर्जात चालू पत्ता खरा लिहावा आणि त्याचा पुरावा सोबत ठेवावा. मराठी, कन्नड किंवा तेलुगू कागदांचे इंग्रजी अथवा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र हवे, आणि घरातल्या व्यक्तीने केलेले भाषांतर चालत नाही.

नाते खरे असल्याचा पुरावा हा अर्जाचा गाभा आहे. आयएमएम 5532 या फॉर्ममध्ये ओळख कशी झाली, कोणी करून दिली, लग्नाला कोण हजर होते, हे विचारले जाते. स्थळ पाहून ठरलेले लग्न ही अडचण नाही. ते मामांनी की विवाह मंडळाने सुचवले, पाहण्याचा कार्यक्रम कधी झाला, साखरपुड्यापर्यंत किती बोलणे झाले, हे तारखांसह सरळ लिहावे. शंभर स्टेज-फोटोंपेक्षा दोन्हीकडचे आईवडील, भावंडे आणि अक्षता टाकणारे नातेवाईक ओळखू येतील असे पंधरा-वीस फोटो, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि नावे लिहून, अधिक उपयोगी पडतात. सोबत विमानाची तिकिटे, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि संदेशांचे निवडक नमुने द्यावेत. वर किंवा वधू व्हिडिओ कॉलवर हजर राहून लागलेले लग्न कॅनडा या कारणासाठी मान्य करत नाही.

30 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे पीआरच्या अर्जासाठी स्पॉन्सरशिपचे 85, प्रक्रियेचे 545 आणि कायम रहिवास हक्काचे 575 असे एकूण 1,205 कॅनेडियन डॉलर लागत होते. बायोमेट्रिक्सचे 85 वेगळे. हे दर दोन वर्षांनी सुधारले जातात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर पाहावा.

बहुतेक जण व्हिजिटर व्हिसावर जातात. पीआरचा हेतू असताना तात्पुरता व्हिसा मागणे बेकायदा नाही. कायद्यात दुहेरी हेतूला स्पष्ट जागा आहे, त्यामुळे तो लपवू नये. पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिलेली नसेल तर मुक्काम सहा महिन्यांचा असतो. या मुदतीत एओआर आली तर वर्क परमिटसाठी आयएमएम 5710 हा फॉर्म ऑनलाइन भरावा. शुल्क वर्क परमिटचे 155 आणि ते ओपन असल्याचे 100 मिळून 255 डॉलर. पासपोर्ट, फोटो, एओआर आणि एकाच पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा जोडावा. एओआर लांबली आणि मुदत संपत आली, तर आधी आयएमएम 5708 भरून व्हिजिटर म्हणून मुदतवाढ मागावी. सीमेवर जाऊन त्याच दिवशी परमिट घेऊन येण्याची जुनी वाट 23 डिसेंबर 2024 पासून बंद झाली आहे.

मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येते. याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. यातला ‘जुन्याच अटी’ हा भाग महत्त्वाचा आहे. आधीचे वर्क परमिट असलेला माणूस त्याच मालकाकडे तेच काम चालू ठेवू शकतो, पण व्हिजिटरला नोकरी करता येत नाही. मुदत उलटून गेली तर 90 दिवसांत दर्जा परत मिळवण्याचा अर्ज करता येतो, मात्र त्या काळात कोणालाच काम करता येत नाही.

काम म्हणजे काय, याची व्याख्याही रुंद आहे. मजुरी किंवा कमिशन मिळते ते काम, आणि तेथील कामगारांशी थेट स्पर्धा करते तेही काम. म्हणून ओळखीच्या माणसाच्या हॉटेलात ‘पैसे न घेता मदत’ हीसुद्धा अडचणीत आणू शकते, मग रोख मजुरीची गोष्टच नको. याउलट, भारतातील कंपनीची नोकरी घरबसल्या लॅपटॉपवर चालू ठेवणे, पगार आणि ग्राहक कॅनडाबाहेरचे असतील तर, व्हिजिटरला चालते. पुण्यातील आयटी कंपनीत असलेल्यांनी राजीनामा देण्याची घाई करू नये.

पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातील वकील, क्वेबेकचा नोटरी किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत कॉलेजचा परवानाधारक असावाच लागतो. परवाना क्रमांक मागून तो कॉलेजच्या नोंदवहीत ऑनलाइन तपासावा; क्रमांक सांगायला टाळाटाळ करणाऱ्या एजंटला फाईल देऊ नये.

परमिट आल्यावर आधी त्यावरील अटी वाचाव्यात. वैद्यकीय तपासणी झालेली नसेल तर आरोग्यसेवा, बालसंगोपन आणि शाळेतील अध्यापन यांना मनाई असल्याचे त्यावर छापलेले असते. परिचारिका किंवा शिक्षिका असलेल्यांनी तपासणी कॅनडाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. पासपोर्टच्या मुदतीपलीकडे परमिट दिले जात नाही, त्यामुळे पासपोर्ट लवकर संपणार असेल तर तो आधी नवा करावा. त्यानंतर सर्व्हिस कॅनडा या सरकारी सेवा कार्यालयाकडून सामाजिक विमा क्रमांक विनामूल्य घ्यावा. तात्पुरत्या रहिवाशाचा हा क्रमांक 9 ने सुरू होतो आणि परमिटबरोबर संपतो. परमिट वाढवले की त्याचीही तारीख वाढवून घ्यावी, आणि पीआर मिळाल्यावर नवा कायम क्रमांक घेऊन तो मालकाला व बँकेला कळवावा.